एड्रियाटिकच्या काठी महागड्या हॉटेलात राहावं का? डुब्रोवनिक, माँटेनेग्रो आणि आसपास

इरावती_म्युनिक

नमस्कार मंडळी,

क्रोएशियाच्या सहलीवर इथे आधी धागे आले आहेत, पण तिथल्या समुद्रकाठच्या पंचतारांकित हॉटेलात मुक्काम करावा का, केला तर पैसे नेमके कशाचे जातात, यावर कुणी सविस्तर लिहिलेलं दिसलं नाही. यंदा सप्टेंबरात आई-बाबा नाशिकहून आमच्याकडे आले होते. त्यांना घेऊन डुब्रोवनिकला राहिलो, मग खाली माँटेनेग्रोत उतरलो. सगळं ताजं आहे तोवर लिहून काढते.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. गोव्याचं किंवा मालदीवचं रिसॉर्ट डोळ्यासमोर ठेवून इथे बुकिंग करू नका. खोलीतून बाहेर पडलं की पायाखाली वाळू, माडांची रांग, समोर हॉटेलचा स्वतःचा किनारा, असं इथे नसतं. डाल्मेशियाचा, म्हणजे क्रोएशियाच्या दक्षिण भागाचा, किनारा चुनखडीच्या डोंगरांचा आहे. डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि हॉटेलं त्या उतारावर मजल्यामजल्यांनी बांधलेली असतात. बऱ्याच ठिकाणी रिसेप्शन सगळ्यात वर, रस्त्याच्या पातळीला. तिथून लिफ्टने खाली गेलं की खोली, आणखी खाली गेलं की समुद्र.

आणि बीच म्हणजे काय, तर खडकावर बांधलेला दगडी किंवा काँक्रीटचा चौथरा. त्यावर छत्र्या आणि आरामखुर्च्या मांडलेल्या. कडेला पोहण्याच्या तलावाला असते तशी स्टीलची शिडी बोल्टने पक्की केलेली, खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. शिडी सोडली की पाय टेकत नाहीत. पण पाणी इतकं नितळ की तळाच्या खडकांच्या भेगांत बसलेले काळे, काटेरी सी-अर्चिन वरून एकेक दिसतात. त्यासाठी पाण्यात घालायचे रबरी बूट घरूनच न्या. हॉटेलच्या दुकानात ते मिळतात, पण दाम दुप्पट.

आईला पोहता येत नाही. ती सकाळी नाश्त्याआधी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून शिडीच्या वरच्या पायरीवर बसायची, पाय पाण्यात सोडून. समोर लोक्रुम बेट, उजव्या हाताला जुन्या शहराची तटबंदी. त्या वेळेला क्रूझवाले अजून उतरलेले नसतात, चौथऱ्यावर फार तर पाचसहा माणसं. एक आजोबा रोज यायचे, टॉवेल कठड्यावर ठेवून पाण्यात उतरायचे, लांबवर पोहून येऊन निघून जायचे. ते हॉटेलात राहणारे नव्हते, गावातले होते, आणि त्यांना कुणी अडवत नव्हतं. मला ती गोष्ट फार आवडली.

माझं मत असं झालं आहे की इथे पैसे जागेचे जातात. खोल्या आपल्याकडच्या पंचतारांकित खोल्यांपेक्षा लहान असतात. सेवा चोख, पण मागेपुढे करणारी नाही. बॅग उचलायला चारजण धावत येत नाहीत. तुम्ही पैसे देता ते अंथरुणातून उठून दहा मिनिटांत त्या पाण्यात असण्याचे, आणि संध्याकाळी तटबंदीवर ऊन पिवळं होताना समोर बसलेलं असण्याचे. ते ज्याला हवं आहे त्याने जरूर जावं. ज्याला मोठं आवार, मुलांसाठी वाळू, दिवसभर बुफे हवा आहे त्याने शहरापासून जरा लांब, ओराशाच किंवा साव्हताटकडची मोठी रिसॉर्टं बघावीत.

बुकिंग करताना हे जरूर विचारा: खोली समुद्राकडे आहे की डोंगराकडे (दरात आणि अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक), चौथऱ्यापर्यंत लिफ्ट जाते की शेवटी जिना आहे, आणि खुर्ची-छत्री दरात धरली आहे की वेगळी. काही ठिकाणी पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांचे पैसे वेगळे असतात.

ऑगस्ट टाळा. आम्ही पाहिलेल्या हॉटेलांत ऑगस्टचा दर ऑक्टोबरच्या दुपटीहून जास्त होता, आणि जुन्या शहराच्या मुख्य रस्त्यावर, स्त्रादुनवर, पाय ठेवायला जागा नसते.

विमानतळ चिलिपीला आहे, शहरापासून साधारण २० किलोमीटर. बसने येणार असाल तर डावीकडची खिडकी पकडा, सगळा समुद्र त्या बाजूला आहे.

प्रश्न असतील तर विचारा. आणि कुणी उत्तरेच्या इस्त्रिया द्वीपकल्पाकडे किंवा इटलीच्या बाजूला राहिलं असेल तर भर घाला.

शेवंती

इरावती, किती छान लिहिलंयस! आईंचं शिडीवर बसणं डोळ्यासमोर आलं.

माझे सासू-सासरे दोघेही सत्तरीच्या पुढचे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. आणि सगळे शाकाहारी, अंडं चालतं. त्यांना घेऊन जावं का? खरं सांग.

इरावती_म्युनिक

शेवंती, ने, पण हॉटेल बघून. जुनं शहर स्त्रादुनवर सपाट आहे, त्याच्या दोन्ही अंगांच्या गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. तटबंदीचा फेरा जवळपास दोन किलोमीटरचा आहे आणि त्यात चढउतार भरपूर. सासूबाईंनी तो करू नये. त्याऐवजी केबल कारने स्र्द डोंगरावर न्या, वरून सगळं शहर दिसतं आणि चालावं लागत नाही. लोक्रुमला जुन्या बंदरातून बोट जाते, पंधरा मिनिटांचा प्रवास. तिथे सावली आहे, बाकं आहेत आणि मोर हिंडत असतात. १८५९ मध्ये ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक मॅक्सिमिलियनने ते बेट विकत घेतलं, मोर त्यानेच आणवले. रात्री तिथे कुणालाही राहू देत नाहीत.

आणि हो, ज्यांना तटबंदी करायचीच आहे त्यांनी नुसतं तिचं तिकीट काढू नये. जवळपास तेवढ्याच पैशांत डुब्रोवनिक पास मिळतो, त्यात शहर बसही येते.

शाकाहाराचं मुक्ताताई जास्त चांगलं सांगतील, त्या तिथेच असतात.

झाग्रेबची_मुक्ता

हाक मारलीस, आले.

शेवंती, उपाशी राहणार नाहीत. ब्लित्वा मागा, म्हणजे आपल्या चाकवत-पालकाच्या वळणाची पालेभाजी, उकडलेल्या बटाट्यात लसूण आणि ऑलिव्ह तेल घालून परतलेली. ती माशाबरोबर तोंडी लावणं म्हणून येते, तेव्हा "मुख्य पदार्थ म्हणून मोठी प्लेट द्या" असं सांगायचं. स्प्लिट-ओमिशकडे सोपार्निक मिळतो, पातळ पोळीच्या दोन थरांत तीच भाजी भरून निखाऱ्यावर भाजलेला. पाग बेटाचं मेंढीच्या दुधाचं चीज, आयवार नावाची भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी, इस्त्रियात ट्रफल घातलेला फुझी पास्ता. सूप घेताना मात्र विचारायचं, बहुतेक वेळा ते मांसाच्या पाण्यातलं असतं. आणि काळा भात दिसला तर तो माकुलाच्या शाईतला आहे, शाकाहारी नव्हे.

इरावतीने त्या आजोबांचं लिहिलंय, त्याबद्दल थोडं. क्रोएशियात समुद्रालगतची पट्टी, 'पोमोर्स्को दोब्रो', कुणाच्याही खासगी मालकीची होऊ शकत नाही. हॉटेलाला ती ठरावीक मुदतीच्या करारावर वापरायला मिळते. करारांच्या अटींवरून भांडणं होतात, कुंपणं घातली जातात आणि लोक ती काढायलाही लावतात. इथल्या माणसाला हा आपला हक्क वाटतो, आणि मला त्यांचं हे मनापासून पटतं. रात्रीला शेकडो युरो मोजणारा पाहुणा आणि शेजारच्या गल्लीतला पेन्शनर एकाच शिडीने पाण्यात उतरतात.

दुसरं, या हॉटेलांच्या भिंतींकडे जरा बघा. क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, १९९१ च्या ऑक्टोबरात, डुब्रोवनिकला युगोस्लाव्ह सैन्याचा वेढा पडला तेव्हा घर सोडून आलेली माणसं याच हॉटेलांच्या खोल्यांत राहिली. ६ डिसेंबरचा मारा सगळ्यात भीषण होता, जुन्या शहरावरही तोफा डागल्या गेल्या, आणि ते तर १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत होतं. शहराच्या दक्षिणेला कुपारीचा उपसागर आहे. युगोस्लाव्ह सैन्याधिकाऱ्यांसाठी बांधलेल्या तिथल्या हॉटेलांची युद्धात राख झाली, आणि नंतर कितीतरी वर्षं नुसते सांगाडे समुद्राकडे तोंड करून उभे होते. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंचं लहानपण डुब्रोवनिकमध्ये एका हॉटेलच्या खोलीत गेलं, चौघं जण एका खोलीत. त्या आजही त्या हॉटेलात कॉफी प्यायला सुद्धा जात नाहीत.

दर्यावर्दी

चांगला धागा. मी बोटीवर होतो, रियेका आणि कोपर बंदरात बरेचदा जाणं झालं, म्हणून पाण्याबद्दल लिहितो.

ते पाणी एवढं नितळ का, असं लोक विचारतात. पूर्व किनाऱ्याचा डोंगर चुनखडीचा, पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि भूमिगत वाटांनी समुद्रात जातं. नेरेत्वा, त्सेतिना, क्रका सोडल्या तर गाळ आणणाऱ्या मोठ्या नद्या नाहीत. शिवाय पाण्यात पोषक द्रव्यं कमी, त्यामुळे शेवाळाचे सूक्ष्म कण कमी. आपल्या कोकणात चार महिने प्रत्येक खाडी लाल माती ओतत असते, तिथे असा निळा रंग कुठून येणार? एड्रियाटिकच्याच समोरच्या, म्हणजे इटलीच्या अंगाला पो नदीचा गाळ येतो, म्हणून रिमिनीकडे मैलोगणती वाळू आहे आणि पाणी गढूळ. एकाच समुद्राचे दोन किनारे, पण स्वभाव अगदी वेगळे.

खारटपणा लिटरला साधारण ३८ ग्रॅम, महासागराच्या सरासरीपेक्षा जास्त, म्हणून अंग सहज तरंगतं. भरती-ओहोटी डुब्रोवनिककडे अर्ध्या मीटरच्या आत. म्हणून तर पाण्याला चिकटून चौथरे बांधता येतात. मालवणला असा चौथरा बांधला तर दिवसातून दोनदा एक तर पाण्याखाली, नाहीतर चिखलात.

वाऱ्यांची नावं लक्षात ठेवा. मायस्त्राल हा उन्हाळ्यातला दुपारचा वारा, सुखद. बुरा डोंगरावरून उतरतो, कोरडा, गार आणि अचानक. त्यानंतर आकाश स्वच्छ होतं. युगो आग्नेयेकडून येतो, दमट, दोनतीन दिवस टिकतो आणि लाटा थेट त्या चौथऱ्यांवर आणतो. युगो असेल तेव्हा हॉटेलवाले शिडीला साखळी लावतात. साखळी दिसली की कितीही पट्टीचे पोहणारे असाल तरी उतरू नका. बाहेर येताना लाट माणसाला खडकावर आपटते.

कर्वेनगरकर

+१ दर्यावर्दी. वाचनखूण साठवली.

व्हिसाचं कुणी सांगेल का? पुण्याहून जाणार. क्रोएशिया आणि माँटेनेग्रो दोन्ही करायचं आहे.

इरावती_म्युनिक

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांचं एकाच व्हिसावर फिरता येणारं क्षेत्र) आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चालतो. म्हणजे नेहमीचा शेंगेन व्हिसा. माँटेनेग्रो युरोपीय संघात नाही, पण चलन युरोच आहे, आणि वैध शेंगेन व्हिसावर भारतीयांना ३० दिवसांपर्यंत जाता येतं. मेख अशी की एकदा माँटेनेग्रोत गेलात की शेंगेनच्या बाहेर पडलात. परत डुब्रोवनिकला येऊन विमान पकडायचं असेल तर मल्टिपल एंट्रीचाच व्हिसा हवा. अर्जातच तसं मागा आणि दोन्हीकडची बुकिंगं जोडा. निघण्याआधी नियम एकदा ताजे बघून घ्या.

करासोविची-देबेली ब्रियेगच्या नाक्यावर उन्हाळ्यात गाड्यांची लांबच लांब रांग असते. सकाळी लवकर निघा. पुढे कोटोरच्या आखाताला पूर्ण वळसा घालण्यापेक्षा कामेनारीहून लेपेताने फेरी घ्या, गाडीसकट पलीकडे नेते.

आणि स्प्लिटकडून गाडीने येणाऱ्यांसाठी: पूर्वी वाटेत नेउमपाशी बोस्नियातून जावं लागायचं. जुलै २०२२ मध्ये पेल्येशात्सचा पूल सुरू झाला, आता तो प्रकार टळतो.

मनस्वी७८

लेख आवडला, पण पटला नाही. समुद्र सगळ्यांचा आहे असं तुम्हीच म्हणता. मग घरगुती अपार्टमेंट भाड्याने घ्यावं, स्वयंपाकघर मिळतं, वरणभात करता येतो, आणि बान्येच्या नाहीतर स्वेती याकोवच्या सार्वजनिक किनाऱ्यावर जाऊन त्याच पाण्यात पोहावं. आम्ही तसंच केलं. वाचलेल्या पैशांत कोरचुला आणि व्हिस बेटं पाहून झाली. हॉटेलात राहून नेमकं जास्त काय मिळालं?

इरावती_म्युनिक

मनस्वी, तरुण असताना आम्हीही तसेच हिंडलो आणि पुन्हाही हिंडू. स्वेती याकोवचा किनारा फार सुंदर आहे, यात वादच नाही. पण तिथे उतरायला जवळपास दीडशेच्या वर पायऱ्या आहेत आणि तेवढ्याच परत चढायच्या. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. हॉटेलच्या लिफ्टमुळे ते रोज दोन वेळा पाण्याजवळ जाऊ शकले, हवं तेव्हा खोलीत येऊन पडू शकले. आयुष्यभर त्यांनी एल.टी.सी.च्या सहली केल्या, धर्मशाळेत राहून. या वेळी त्यांना समुद्रासमोर, कसलीही घाई न करता बसवायचं होतं. त्या पैशांचं मला एका क्षणासाठीही वाईट वाटलं नाही.

मनस्वी७८

हे पटलं. आई-बाबांना घेऊन जाताना हिशेब वेगळा असतो.

पेडण्याचो

आमच्या गोव्याचो एक धागो हांगाय जोडटां!

मराठीतच लिहितो. डुब्रोवनिकचा ग्रामरक्षक म्हणजे स्वेती व्लाहो, संत ब्लेझ. शहराच्या वेशींवर, तटांवर त्याच्या मूर्ती आहेत, हातात शहराची छोटी प्रतिकृती घेतलेला. गोव्यात तिसवाडीत गवंडाळीला सां ब्राझचं चर्च आहे, तोच संत. सोळाव्या शतकात डुब्रोवनिकचे व्यापारी गोव्यात येत होते, आणि हे चर्च त्यांच्याशी निगडित आहे असं क्रोएशियातले अभ्यासक मानतात. तिथून माणसं मुद्दाम गवंडाळीला येतात. दोन्हीकडे फेस्त ३ फेब्रुवारीला. डुब्रोवनिकला त्या दिवशी मोठी मिरवणूक निघते. हिवाळ्यात हॉटेलंही स्वस्त असतात, पोहण्याचा आग्रह नसेल तर ती वेळ साधावी.

स्वानंद

इस्त्रियाबद्दल विचारलंय, तर ब्रियुनीचं नाव यायलाच हवं. फाझानाहून बोट जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही बेटं मलेरियाने ओसाड होती. १८९३ मध्ये पाउल कुपेलविझर या उद्योगपतीने ती घेतली, जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने येऊन मलेरिया हटवला आणि मग तिथे युरोपातल्या श्रीमंतांचं आरोग्यधाम उभं राहिलं. पुढे ते युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष टिटो यांचं उन्हाळी निवासस्थान झालं. १९ जुलै १९५६ ला नेहरू, इजिप्तचे नासर आणि टिटो यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या त्या इथेच. त्यातून पुढे १९६१ ची बेलग्रेडची अलिप्त राष्ट्रांची परिषद झाली. बेटावरच्या सफारी पार्कात इंदिरा गांधींनी भेट दिलेली लंका नावाची हत्तीण आहे. तिच्यासमोर उभं राहिल्यावर मला एकदम भरून आलं.

बेटावरची हॉटेलं साधी आहेत. ऐषाराम हवा असेल तर रोविन्यला राहा आणि दिवसभरासाठी ब्रियुनीला जा. जुन्या वळणाचं वैभव आवडत असेल तर ओपातिया. तिथलं १८८४ चं हॉटेल क्वार्नर हे या किनाऱ्यावरच्या अगदी पहिल्या हॉटेलांपैकी. व्होलोस्कोपासून लोव्रानपर्यंत समुद्राला लागून १२ किलोमीटरची पायवाट आहे, ज्येष्ठांना फार सोयीची.

शेवंती

माँटेनेग्रोतल्या स्वेती स्टेफान बेटाचे फोटो बघून वेडी झाले आहे. तिथे राहता येतं का?

झाग्रेबची_मुक्ता

ते मुळात पंधराव्या शतकातलं तटबंदीचं कोळ्यांचं गाव. १९५० च्या दशकात उरलेल्या रहिवाशांना काठावर हलवून सगळं गावच हॉटेल केलं, सोफिया लॉरेन, एलिझाबेथ टेलर वगैरे तिथे राहून गेल्या. नंतर ते आंतरराष्ट्रीय कंपनीकडे भाडेपट्ट्याने गेलं. शेजारच्या किनाऱ्यांवर स्थानिकांना मोकळं येऊ द्यायचं की नाही यावरून वाद झाला आणि २०२१ मध्ये ते बंद झालं. सध्याची स्थिती थेट हॉटेलकडूनच विचारून घे, एजंटच्या शब्दावर आगाऊ पैसे भरू नकोस. नुसतं पाहायचं असेल तर वरच्या रस्त्यावरून फार सुरेख दिसतं, आणि मिलोचेरच्या बागेतून चालत जाता येतं.

मालवणी_जेवण

सगळं वाचलं. आता माशांचं सांगा हो कुणीतरी!

दर्यावर्दी

ब्रान्झिन आणि ओराडा हे दोन मासे सगळीकडे मिळतात. निखाऱ्यावर भाजून वर ऑलिव्ह तेल, लसूण, पार्सली आणि लिंबू. मसाला नाही, तरी ताजा असला की चव उत्तम लागते. मेन्यूवरचा दर बहुधा किलोचा असतो, प्लेटचा नव्हे. मासा आणून दाखवतात, तेव्हाच वजन विचारून घ्या. पेका खायची असेल, म्हणजे लोखंडी झाकणाखाली वर निखारे ठेवून शिजवलेलं ऑक्टोपस किंवा कोकरू, तर काही तास आधी सांगावं लागतं. कालवं स्टोनला जाऊन खा, डुब्रोवनिकहून तासाभराच्या अंतरावर.

कर्वेनगरकर

शेवटचा प्रश्न. जून की सप्टेंबर? सोबत आठ वर्षांची मुलगी, नुकतीच पोहायला शिकलेली.

इरावती_म्युनिक

पाण्यासाठी सप्टेंबर, उन्हाळाभर तापलेलं असतं. जूनच्या सुरुवातीला दिवस मोठा असतो पण पाणी अजून गारच. शाळेमुळे जूनच जमणार असेल तर शेवटचा आठवडा धरा. आणि मुलगी लहान आहे, तर चौथऱ्याचं हॉटेल नको. साव्हताटकडे किंवा झुपाच्या उपसागरात गोट्यांचे, हळूहळू खोल होणारे किनारे आहेत, तिथलं बघा. मी पाहून ठेवलेल्या हॉटेलांची यादी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.